शिंपल्यांची पूड

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, चेन्नईत ज्या दोघी-तिघींशी मराठीत पोटातलं बोलता येतं त्यांच्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता नुसता कंटाळा आलाय. लपवण्याचाही कंटाळा येतो, हे मला माहीत नव्हतं.

आधी एक सोपं खोटं सांगते, म्हणजे जीभ जरा सैल होईल. मी पशुखाद्याच्या कारखान्यात काम करते, एवढंच मी लोकांना सांगते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गाय उभी राहते, आणि मी ती उभी राहू देते. अंबत्तूरला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहतो त्या मामी तंजावरकडच्या मराठी. मराठी जुनी, सूर तमिळ, ऐकायला मोठी गोड. देवळातून येताना कुणी भेटलं की त्या माझी ओळख गाईंची डॉक्टर म्हणून करून देतात. मी हसते. गाईला मी शेवटचा हात कॉलेजात लावला होता. माझं काम आहे डुकरांच्या पिल्लांनी काय खावं ते ठरवायचं.

पण ते खोटं कुणाला बोचलं नाही. मामींना गाय मिळाली, मला घर मिळालं. मला सांगायचंय ते दुसरंच — आणि बघा, अजून मी गाईपाशीच घुटमळतेय.

तर, मी मूळची कोंबड्यांची. म्हणजे शिक्षण पशुवैद्यकाचं, पण नोकरीची पहिली बरीच वर्षं गेली अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात. कोंबडीला कॅल्शियम लागतं अंड्याच्या कवचासाठी, आणि लागतं ते भरपूर. चुनखडी द्या, शिंपले द्या, मूठभर जास्त पडलं तरी तिची तक्रार नसते. हात सैल होतो अशाने. मग गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात आले आणि डुकरांचं खाद्य माझ्याकडे आलं, तेव्हा हात तसाच सैल होता.

आईपासून नुकतं तोडलेलं डुकराचं पिल्लू मात्र फार नाजूक प्रकरण असतं. त्याच्या पोटात आम्ल अजून जेमतेम तयार होत असतं. खाद्यात चुनखडी किंवा शिंपल्याची पूड पडली की आहे तेवढं आम्ल ती पिऊन टाकते. मग खाल्लेलं पचत नाही, जंतूंना रान मोकळं मिळतं आणि पिल्लाला हगवण लागते. म्हणून अशा पिल्लांना कॅल्शियम वेगळ्या रूपात देतात. आम्ही कॅल्शियम फॉर्मेट घालायचो. पांढरी पूड असते, परदेशातून यायची. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं समजू नका. वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

चारेक वर्षांपूर्वी तो माल बंदरात अडकला. खाद्य तर बाहेर पडायला हवं होतं. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला — काय सांगू — बरं वाटलं. मी म्हटलं, शिंपला घालू. पळवेरकाडूच्या खाडीकडचा शिंपला आपल्याला जवळ, धुऊन दळून मिळतो, परदेशाकडे डोळे लावून बसायला नको. पिल्लांना सोसेल का, असं कुणीतरी हळूच विचारलंही. मी म्हणाले, कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम. इतक्या थाटात म्हणाले की पुढे कुणी काही विचारलं नाही.

पिल्लांचं खाद्य आमच्याकडे थोडंच बनायचं. त्यातलं बरंचसं जायचं सेल्वीकडे.

सेल्वी आणि तिचा नवरा मुरुगेसन, दोघांचं गुम्मिडिपूंडीच्या पुढे डुकरांचं शेड होतं. सेल्वी पहाटे टेम्पो घेऊन हॉटेलांचं आणि ऑफिसांच्या कँटीनचं उरलेलं अन्न गोळा करून आणायची, भात, सांबार, जे मिळेल ते. ते मोठ्या पातेल्यात उकळणं मुरुगेसनचं काम. मोठ्या जनावरांना ते पोटभर, पिल्लांना माझं खाद्य आणि वर त्यातला थोडा मऊ भात. पिल्लं लवकर तोडा म्हणजे डुकरीण लवकर मोकळी होते, हा सल्लाही तिला मीच दिला होता. ती माझा शब्द खाली पडू द्यायची नाही.

मुरुगेसन पूर्वी प्यायचा. चांगलाच प्यायचा — सेल्वीनेच मला सांगितलं होतं, शेडच्या कट्ट्यावर बसून, अगदी हवापाण्याच्या गप्पा केल्यासारखं. मग त्याने सोडली. कशी सोडली ते दोघांनाही नीट सांगता यायचं नाही. पण तेव्हापासून पहाटेची ती चूल त्याची झाली होती. सेल्वी म्हणायची, बाकी काही नाही केलं तरी चालेल, त्याने ते पातेलं उकळावं, मला तेवढ्यावरून कळतं की माणूस जागेवर आहे. मी एकदा सकाळी गेले होते तेव्हा पाहिलं होतं त्याला. उंच पाटावर उभा राहून लांब वल्ह्याने ढवळत होता, वाफेने चेहरा लालबुंद. मला बघून लाजला आणि उगाचच आणखी जोरात ढवळायला लागला.

कळतंय ना तुम्हाला मी कुठे चाललेय? मला वाटतं कळतंय.

सेल्वीचा फोन आला की पिल्लांना हगवण लागली आहे. मग आला की मरायला लागली. मी गेले. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून थरथरत होती, मागचे पाय चिकट, डोळे खोल गेलेले. सेल्वी एकेक उचलून त्याच्या तोंडात मीठ-साखरेचं पाणी सोडत होती. मी शेड बघितलं, पाणी बघितलं, भाताच्या पातेल्यात वाकून पाहिलं. आणि मला खाद्याची शंका तेव्हा आली नव्हती, ती कारखान्यात परतल्यावर —

नाही. हेही खोटंच. इतकी वर्षं मनाशी असंच सांगत आलेय, म्हणून तसंच बाहेर आलं.

मला जायच्या आधी माहीत होतं. सेल्वीचा पहिला फोन आला त्याच सकाळी मी प्रयोगशाळेत दार लोटून खाद्याचा नमुना पाण्यात कालवला आणि त्यात थेंबथेंब आम्ल सोडत बसले. आम्ल सोडावं आणि ते नाहीसं व्हावं. पुन्हा सोडावं, पुन्हा नाहीसं. कुठलं पिल्लू पुरं पडणार होतं त्याला? मी ते भांडं सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला आणि भांडं धुऊन जागेवर ठेवलं. मग दुसरा फोन आल्यावर गाडी काढून सेल्वीकडे गेले. जाताना रस्ताभर मी एकच गोष्ट शोधत होते, आणि सापडली तेव्हा मला हायसं वाटलं. ती गोष्ट म्हणजे मुरुगेसन.

शास्त्रात पळवाटा भरपूर असतात. हगवणीची कारणं दहा, नेमकं कुठलं ते छातीवर हात ठेवून कोण सांगणार? पाणी म्हणता आलं असतं, हवा म्हणता आलं असतं. हवेला दोष दिला असता तर कुणाचं काय गेलं असतं? पण हवेवर कुणी चटकन विश्वास ठेवत नाही. पूर्वी प्यायलेल्या माणसाच्या चुकीवर सगळे ठेवतात. हा हिशेब मी केला. घाबरून तोंडातून निसटलं असं नाही झालं, नीट विचार करून केला.

मी विचारलं, भात रोज उकळता ना? मुरुगेसन पुढे आला. म्हणाला, "उकळतो, डॉक्टरम्मा. बुडबुडे येईपर्यंत उकळतो. मी स्वतः."

मी त्याच्याकडे न बघता, सेल्वीकडे बघून माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाले, "नीट उकळलं असतं तर हे झालं नसतं."

एवढंच. ओरडाआरडा झाला नाही. सेल्वीने त्याच्याकडे पाहिलं — फार वेळ नाही, पण ज्या तऱ्हेने पाहिलं ते सांगता येत नाही. मग ती त्याच्या जवळ गेली आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. माझ्यासमोर. तो हलला नाही. लहान पोराने उभं राहावं तसा उभा राहिला. वास काही नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. पण तिने ते धरून ठेवलं नाही, माझं बोलणं धरून ठेवलं. मी डॉक्टर होते ना.

दुसऱ्या दिवसापासून पातेलं सेल्वीने स्वतःकडे घेतलं. टेम्पो घेऊन यायची आणि मग उकळत बसायची. आणि मी? बंदरातला माल सुटला होता. मी शिंपला काढला, फॉर्मेट परत घातलं, आणि गुपचूप नव्या गोण्या तिच्याकडे पाठवल्या. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढची वेतं सुरेख झाली. एकही पिल्लू गेलं नाही. का गेलं नाही ते मला माहीत होतं आणि सेल्वीलाही माहीत होतं, तिला वेगळं माहीत होतं एवढंच. मी उकळायला लागल्यापासून बघा, ती म्हणायची. मला म्हणायची, गावात म्हणायची, मुरुगेसन शेजारी उभा असताना म्हणायची. शेडमध्ये नवी माणसं बघायला आली की माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, या डॉक्टरम्मांनी एका नजरेत ओळखलं. मी मान हलवायची. आणि काय करणार होते? खरं बोलता आलं असतं, तेही एका वाक्यात. ते वाक्य तमिळमध्ये कसं होईल हे मी मनात जुळवूनही ठेवलं होतं. दर खेपेला ते तसंच घेऊन परत यायची.

उकळलं होतं म्हणून त्याने किती दिवस शपथा घेतल्या ते सेल्वी सांगायची, आधी रागाने, मग हसून. मग शपथा थांबल्या. मग एकदा गेले तर तो घरात नव्हता. सेल्वी म्हणाली, गेला भावाकडे, बसून खाण्यापेक्षा बरं. पुन्हा प्यायला लागला का, हे मी विचारलं नाही. तिने काय उत्तर दिलं असतं, याची मला भीती होती. विचारलं नाही म्हणजे झालं नाही, अशी माझी समजूत होती. माझ्या वयाच्या बाईने अशी समजूत धरावी?

परवा-परवाची गोष्ट. गुम्मिडिपूंडी स्टेशनबाहेर चहा घेत होते. समोरून एक वॉचमन रस्ता ओलांडून आला, निळा शर्ट, खांद्यावर अघळपघळ. मी आधी ओळखलंच नाही. मुरुगेसन. एका कारखान्याच्या गेटवर असतो म्हणाला, तिथेच राहतो. केस पिकलेत. तोंडाला वास नव्हता. हो, मीही घेतला, सेल्वीसारखाच, आपसूक. सेल्वी बरी आहे ना, त्यानेच मला विचारलं. पिल्लं? मी म्हणाले, छान आहेत. त्याला खरंच आनंद झाला.

मग त्यानेही चहा घेतला. चहाचा पेला त्याने हातात नुसता धरला होता. आता सांगावं, मला वाटलं. आता या क्षणी, वाक्य तयारच होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच बोलला.

"डॉक्टरम्मा, खूप विचार केला मी. त्या दिवसांत माझ्याकडून खरंच नीट उकळलं गेलं नसेल. मला वाटतं उकळलं होतं — पण सगळे म्हणतात तर नसेलच. तुमच्यासमोर मी उगाच खोटं बोललो. मनात ठेवू नका."

आणि मी काय केलं? त्याच्या दंडावर हात ठेवला. म्हणाले, "असू दे, अण्णा. चुकतं माणसाचं."

त्याचे डोळे भरून आले. त्याने मला हात जोडले आणि माझ्या चहाचे पैसे देऊन तो ड्युटीवर गेला.