मीटरमागचे दिवे

गांगुर्डे मिस्तरी गेले, हे मला दवाखान्यात कळलं. सकाळची वेळ होती. बाकावर सातआठ बायका बसल्या होत्या आणि मी एका तान्ह्या मुलाचं पोट तपासत होते. मिस्तरींच्या दुकानाशेजारचा सायकलवाला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मिस्तरी पहाटे गेले. झोपेतच. चारला नेणार आहेत." मी मान हलवली. मुलाच्या आईला औषध लिहून दिलं, अक्षर नीट आलं नाही म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. बाकावरच्या सगळ्या बायका तपासून होईपर्यंत मी उठले नाही. त्यातल्या एकीने लस कोणत्या वारी देतात असं विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज गुरुवार आहे. गुरुवारी दुपारी दोन वाजता मिस्तरी माझ्या फाटकाशी येत. गेली दहा वर्षं, आजारपण आणि सणवार सोडले तर, हा वार चुकलेला नव्हता...

या गोष्टीला आता दीड महिना झाला. लिहावं की नाही, हे ठरत नव्हतं. मिस्तरी काही नाव असलेला माणूस नव्हता. नाशकात गाडीच्या वायरिंगचं काम करणारे पुष्कळ होते, त्यांतले ते एक. पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट अशी आहे, की ती माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी सांगितली तर ती खरी होणार नाही.

माझे वडील वकील होते. मी शाळेत असताना त्यांनी मुंबईहून एक विलायती गाडी आणली होती, काळी, गोल पाठीची. ते गेले तेव्हा भावांना नवी गाडी हवी होती, म्हणून ही माझ्याकडे आली. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असेल. गिरणाऱ्याच्या पुढे हरसूलच्या रस्त्यावर एका गावात मी दर गुरुवारी बायकांना तपासायला जात असे. एसटी दिवसातून दोनदा होती आणि बाळंतपण एसटीच्या वेळा पाहून होत नाही, म्हणून मी गाडी चालवायला शिकले. बाईमाणूस गाडी चालवतं याचं लोकांना तेव्हा नवल होतं. गॅरेजात गेले की मिस्तरी लोक माझ्या कंपाउंडरशी बोलत, माझ्याशी नाही. गांगुर्ड्यांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी कंपाउंडरला बाकावर बसवलं आणि मला विचारलं, "बाई, गाडी तुम्ही चालवता ना? मग तुम्ही सांगा, ती काय करते." देवळाली कॅम्पात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि भद्रकालीच्या मागे पत्र्याची शेड घालून बसले होते. ठेंगणे, सावळे, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी उजेड धरायला माझ्या हातात बॅटरी दिली, स्वतः डॅशबोर्डखाली उताणे झाले आणि कुठली तार कुठे जाते ते आतून सांगत गेले. त्या दिवसापासून ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नाही. एकदाच गेली. त्याबद्दल पुढे लिहिते.

गाडीच्या डॅशबोर्डवर चार गोल मीटर होते. वेगाचा मोठा, आणि पेट्रोल, तेल आणि बॅटरीचे तीन लहान. प्रत्येकाच्या मागे चिंचोक्याएवढा बल्ब. दिवेलागणीला बटण ओढलं की चारही मीटर हिरवट उजेडात दिसायला लागत. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर मला वाटायला लागलं की हा उजेड कमी झालाय. गावाहून परतताना संध्याकाळ होई आणि पेट्रोलचा काटा कुठे आहे ते वाकून बघावं लागे. मी मिस्तरींना सांगितलं. ते म्हणाले, "तीस वर्षांचं वायरिंग आहे बाई. गंज धरला असेल." त्यांनी सगळ्या जोडण्या घासून साफ केल्या, नव्या तारा ओढल्या, बल्ब बदलले. आठवडाभर मला बरं वाटलं. मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा त्यांनी चारही मीटर बाहेर काढले, त्यांच्या डब्या उघडल्या आणि आतून पांढरा रंग दिला, म्हणजे उजेड पसरून आकड्यांवर पडेल. आतली हिरवी काच काढून टाकली. काट्यांना बारीक ब्रशने नारिंगी रंग लावला. दोन दिवस ते त्यावर बसले होते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी तो रंग दिला. ते काम इतकं देखणं झालं होतं, की शेजारपाजारचे लोक बघायला आले होते.

मी मात्र पंधरा दिवसांत परत गेले आणि म्हणाले, "अजून थोडा उजेड वाढवता येईल का?"

मिस्तरींनी शेडचं दार ओढून घेतलं. भर दुपारी आत अंधार झाला. ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी मीटरचे दिवे लावले. त्यांच्या तोंडावर तो उजेड पडलेला मला दिसत होता. ते डोळे बारीक करून म्हणाले, "मला झोंबतोय बाई. याच्यापुढे वाढवला तर समोरच्या काचेत नुसते मीटर दिसतील, रस्ता दिसणार नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही सरळ काट्याकडे बघा. बघताय? माझा हात दिसतो का?"

"कुठे आहे हात?"

"तुमच्या डाव्या खांद्याजवळ. केव्हापासून हलवतोय."

मी मान वळवली तेव्हा तो दिसला. मी म्हटलं, अंधार आहे. त्यांनी दार उघडलं. बाहेर नेऊन गाडीची डावी बाजू दाखवली. पुढच्या दिव्याची काच त्यांनी वर्षात तीनदा बदलली होती. पत्र्यावर चरे होते, सगळे डावीकडे. मी प्रत्येक वेळी फाटकाला किंवा बैलगाडीला दोष दिला होता. ते खाली बघत, अडखळत बोलले. "माझी आई अशीच होती. दारातून येताना तिचा डावा खांदा चौकटीला लागायचा. संध्याकाळी दिसत नाही म्हणायची. आम्ही कंदिलाची काच पुसली, वात बदलली, मग मोठा कंदील आणला. दोष कंदिलाचा नव्हता. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता... बाई, मी बल्ब बदलणार नाही. तुम्ही डोळे दाखवा. तोवर गाडी चालवू नका."

मी डॉक्टर होते. रोज पन्नास बायकांना त्यांच्या अंगात काय बिघडलंय ते सांगत होते. मला एका तारा जोडणाऱ्या माणसाने हे सांगावं, तेही त्याच्या दोन कामगारांसमोर... मला फार राग आला. मी म्हणाले, "गांगुर्डे, तुम्ही मिस्तरी आहात. मिस्तरीच राहा." हे शब्द मी जसेच्या तसे लिहिते आहे, कारण ते मी विसरलेले नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. माझी गाडी, माझी किल्ली. ते आणखी काय करणार होते?

मी दुसऱ्या गॅरेजात गेले. तिथे कुणी काही विचारलं नाही. दुप्पट वॉटचे बल्ब बसवून दिले.

पुढच्याच महिन्यात, गुरुवारी, गावाहून परतताना, गिरणाऱ्याच्या अलीकडे वळणावर मी एका सायकलवाल्याला पाडलं. अंधार पडला नव्हता. झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं. तो रस्त्याच्या डाव्या कडेने माझ्याच दिशेने चालला होता. मला तो दिसलाच नाही. फक्त आवाज ऐकू आला. उतरून मागे गेले तर तो मातीत बसलेला, उजवा हात पोटाशी धरून, आणि सायकलचं चाक फिरत होतं. लहानू त्याचं नाव. त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलेलं होतं. मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. मी तिथेच फळीचा तुकडा बांधला आणि त्याला शहरात आणलं. लोक जमले होते, पण मला कुणी शब्दाने बोललं नाही. उलट त्यालाच म्हणाले, "नीट चालवत जा ना, बाईंच्या गाडीखाली येत व्हतास." मी ते ऐकलं आणि गप्प राहिले. दवाखान्याच्या कागदावर अपघाताचं कारण लिहायची जागा होती. मी लिहिलं, 'सायकल घसरून पडला.'

त्याला पलंगावर झोपवून मी पायीच मिस्तरींच्या शेडवर गेले. ते दुकान बंद करत होते. मी म्हणाले, "एक माणूस पाडला मी." त्यांनी जिवंत आहे का एवढं विचारलं. मग हात धुतले, सदरा चढवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर." 'मी सांगत होतो' हे वाक्य त्यांच्या तोंडून त्या दिवशीही आलं नाही आणि नंतर कधीच नाही.

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची बहुतेक नजर गेलेली होती, उजव्याची कडेकडेने जात होती. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळता येते. ती सांभाळली गेली आणि म्हणूनच आज मी हे माझ्या हाताने लिहू शकते. गाडी मी पुन्हा चालवली नाही. गावातला दवाखाना बंद करायचं ठरवलं होतं. तसं मिस्तरींना सांगितलं, तर ते म्हणाले, "गुरुवारी दुपारनंतर माझ्याकडे काम कमी असतं." हे खरं नव्हतं, गुरुवारी त्यांच्या शेडसमोर रांग असे. पण दोन वाजता ते आले, मागचं दार न उघडता पुढचं उघडलं, आणि म्हणाले, "इथे बसा. रस्ता सांगायला लागेल." रस्ता एकच होता. पहिल्या दिवशी निघण्यापूर्वी त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून ते दुप्पट वॉटचे बल्ब काढले आणि आपले जुने बसवले.

मी बायका तपासत असे तेव्हा ते बाहेर कुणाचा पंप, कुणाचा रेडिओ उघडून बसत. मधेच गाडी घेऊन तासभर कुठे जात. मी विचारलं तर म्हणत, "पाय मोकळे करून आलो." गाडी घेऊन पाय मोकळे कसे होतात, हे मी विचारलं नाही... मी त्यांची माफीही मागितली नाही. दहा वर्षं शेजारी बसून रस्ता काढला, मुलांच्या शिक्षणाबद्दल बोललो, त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोललो. त्या एका वाक्याबद्दल बोलले नाही. माझ्या मनात होतं की एवढं येणंजाणं झालं, त्यात ते वाहून गेलं असेल. आता वाटतं, मला तसं समजणं सोयीचं होतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी मिस्तरींच्या घरी गेले. वंदना झाली, लोक फुलं वाहून बाहेर येत होते. अंगणात एक पिकल्या केसांचा माणूस भिंतीला टेकून उभा होता. त्याने नमस्कार केला तेव्हा त्याचं उजवं मनगट थोडं वाकडं दिसलं आणि मी त्याला ओळखलं. लहानू. एवढ्या लांब तो दोन एसट्या बदलून आला होता. मी विचारलं, "तू मिस्तरींना ओळखायचास?"

"मंग? दर गुरवारी येयाचे ना घरी. माझा हात उचलंना तव्हा दोन वर्सं पाण्याची मोटर त्यांनीच चालू ठेवली. पोरांसंगं बसायचे."

ते पाय मोकळे करायला कुठे जात, हे मला त्या अंगणात कळलं. मी लहानूला बाजूला नेलं. दहा वर्षांत जे वाक्य जमलं नव्हतं ते म्हणाले. "लहानू, तुझी सायकल घसरली नव्हती. चूक माझी होती. मला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं, आणि मला तसं कुणीतरी सांगितलंही होतं."

तो शांतपणे म्हणाला, "ठावं हाय बाई. मिस्तरींनी पहिल्याच येळेला सांगितलं व्हतं. पण ते येगळं सांगत. म्हनायचे, बाईंना दिसत नाय हे मला आधी कळलं व्हतं. दिवे वाढवून देत बसलो, बोललो उशिरा. अन् बोललो तव्हा किल्ली परत दिली. तुझा हात माझ्यापायी मोडला. म्या लय सांगितलं, तसं नाय. ते ऐकत नव्हते."

मिस्तरींच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांना हे सगळं ठाऊक असावं. त्या मला आत घेऊन गेल्या, चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, "हे त्यांना सांगितलं असतंत तर बरं वाटलं असतं त्यांना."

म्हणून हे लिहिते आहे. दवाखान्याच्या त्या कागदावर मी खोटं लिहिलं होतं. त्या संध्याकाळी ऊन होतं, रस्ता कोरडा होता, मीटरचे दिवे लागलेही नव्हते. गाडी मी चालवत होते. गांगुर्डे मिस्तरींनी मला वेळेवर सांगितलं होतं.