पऱ्हाट्यांच्या भाऱ्याखाली मावशी

आपोआप चालणाऱ्या गाडीच्या संगणकावर कितपत भरवसा ठेवता येईल, हे तपासायचं माझं काम. पुण्यातल्या आमच्या कंपनीला खेड्यातले रस्ते चित्रित करून हवे होते. म्हणून कॅमेरे लावलेली गाडी आणि ती चालवायला एक ड्रायव्हर घेऊन मी डोणगावला मावशीकडे उतरले.

दुसऱ्या दिवशी ओसरीत बसून मी चित्रण तपासत होते. दिसेल त्याभोवती चौकट काढून संगणक नाव देतो: माणूस, बैल, मोटारसायकल. एका चौकटीवर होतं, झुडूप. नीट पाहिलं तर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेतलेली बाई होती. पातळाचा काठ ओळखीचा वाटला. मावशीच ती!

मी हसत हसत तिला दाखवलं. ती हसली नाही.

"मले झुडूप समजली तं गाडी थांबन का?"

"नाही. झुडूप काही रस्त्यात येत नाही, असं धरून पुढे जाईल."

तिनं पडद्यावरच्या त्या चौकटीवर बोट ठेवलं. "आमचं सरपण असंच येते, माय. उद्या सकाळी वावरात ये. चालून दाखवतो."

सकाळी ती तीन शेजारणींना भाऱ्यांसकट घेऊन आली. वावरातल्या गाडीवाटेवर दुसरं कुणी नव्हतं. ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून अगदी हळू येणार होता, आणि लांबच थांबणार होता. मी बायकांना समजावलं, कडेला थांबा, मान वळवून गाडीकडे बघा, मग ओलांडा.

मावशीनं भारा खाली टाकला. "असं कोन करते वो? डोक्श्यावर भारा असला की मान वयत नाही. पाहाले आख्खं आंग वयवा लागते. नाहीतं नुसतं कानानं ऐकतो."

चालणाऱ्यानं गाडी पाहिली की नाही, हे आमचा संगणक चेहरा वळण्यावरून ठरवत होता. लहानपणी मीही तिच्यामागे छोटा भारा घेऊन चालले होते. तरी हे मला सुचलं नव्हतं.

ऊन चढेपर्यंत त्या आपल्या रीतीनं चालल्या. एक शेजारीण दर खेपेला कॅमेऱ्यासमोर पदर सारखा करी. "फोटो काढून राह्यली का वो? रोजच्यासारखी चाल!" मावशी ओरडे. मग सगळ्यांनी बांधावर झुणका-भाकर खाल्ली. ड्रायव्हर पुरे म्हणत असताना मावशीनं त्याच्या हातावर आणखी एक भाकर ठेवली.

पुण्यात ते चित्रण दाखवून आम्ही संगणकाला महिनोन्महिने शिकवलं. मावशी फोनवर विचारायची, "आता ओयखते का मले?"

"दिवसा ओळखतो. दिवेलागणीला अजून चुकतो."

"मंग दिवेलागणीले इकडं आनू नका त्याले."

मी अहवालात तेच लिहिलं, फक्त पुस्तकी भाषेत. साहेबांनी दोनदा वाचून सही केली, आणि अंधुक उजेडात ती गाडी आपोआप चालवायची नाही असं ठरलं. मी मावशीला कळवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आन तू कवा येशीन?"