दगाने पाण्याकाठी काय ऐकले

रविवार, २५ फेब्रुवारी १९९६. सकाळच्या पॅसेंजरने सोनगडला गेलो. सोबत दगा आणि सरलाबाई. तिथून जंगलातल्या वाटेने उकाई धरणाच्या पाण्यापर्यंत चालत. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखे. सागाची पाने बरीच गळलेली, पळस नुकता फुलू लागलेला. गुडघ्याने त्रास दिला नाही. म्हशी पाहिल्या.

झोपताना घातलेली एक ओळ सोडली तर त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणत, रोजनिशीत काय घडले ते लिहा, काय वाटले ते देवाला ठाऊक असते. ती सवय मोडली नाही. पण दगाविषयी कुणी विचारले तर एवढ्या नोंदीने भागणार नाही, म्हणून बाकीचे इथे लिहिते.

सुरतेजवळ भेस्तानला आमच्या घरामागच्या खोलीत दगा आणि त्याची बायको सरलाबाई भाड्याने राहत. साक्रीकडची माणसे. दगा मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आला आणि लूमच्या खात्यात लागला. इथे कारखान्याला खातेच म्हणतात. एका पत्र्याखाली चाळीस लूम एकदम चालू असले की शेजारच्याची हाकही पोहोचत नाही. मग तिथली माणसे ओठांवरून बोलणे ओळखतात, हातांनी उत्तर देतात. दगा त्यात तरबेज होता. घरी मात्र तो इतक्या मोठ्याने बोले की त्यांच्याकडे आज वांगी आहेत की गिलकी, हे साऱ्या गल्लीला कळे. पाठीमागून हाक मारली तर तो वळत नसे. सरलाबाई त्याला बोलवायचे झाले की लसणाची पाकळी नेम धरून पाठीवर मारी. नेम सहसा चुकत नसे.

त्या फेब्रुवारीत आमच्या जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात रात्रीचा चौकीदार हवा होता. दगा जागा बघून आला तो हरखूनच.

"बाई, एक खुर्ची, एक बॅटरी, वर लिंबाचं झाड," तो मला सांगू लागला. "आणि रात्री काही म्हणजे काही वाजत नाही. इतकी वर्षं मी खटखट ऐकतोय. आता मला गप्प बसलेलं जग बघायचंय."

सोमवारी त्याला होकार कळवायचा होता. सरलाबाईने मात्र धसका घेतला. रात्री मालाचे ट्रक मागे येतात, कुंपणावरून चोर येतात, आणि हा पाठमोरा बसलेला.

"तुम्हले ऐकू येत नही," ती म्हणाली. "एखादा दिवस ट्रक अंगवरथून जाई."

"मी बहिरा नही शे!" दगा गरजला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, खात्याचा आवाज कानात साचलाय. नदीत बुडी मारल्यावर कानात पाणी राहतं ना, तसा. एक दिवस शांत जागी गेलो की निचरा होईल."

"मग जाऊ या शांत जागी," मी म्हणाले.

माझे यजमान कालव्यांच्या कामावर होते. त्यांच्याबरोबर उकाईच्या बाजूच्या वाटा मी पुष्कळ तुडवल्या होत्या, आणि ते वारल्यापासून एकदाही गेले नव्हते. सरलाबाईने अट घातली: पाण्याकाठी त्याने डोळे मिटून बसायचे आणि काय ऐकू येते ते सांगायचे. खरे ठरले तर चौकीदारी. खोटे ठरले तर पुन्हा नाव काढायचे नाही. दगाने बायकोच्या हातावर टाळी दिली.

गाडीत तर तोच जिंकेल असे वाटले. डबा गच्च भरलेला, चाकांचा खडखडाट, आम्ही दोघी एकमेकींच्या कानाशी ओरडत होतो. दगाला मात्र सगळे कळत होते. पलीकडच्या बाकावरचे दोन व्यापारी काय बोलताहेत तेही त्याने आम्हाला सांगितले.

"त्या जाड्याचा जावई हॉटेल काढायचं म्हणतो. सासरा नाही म्हणतो. बघा बाई, मी बहिरा का?"

"ऐकना नही, देखना," सरलाबाई म्हणाली. ऐकले नाही, पाहिले. तेही त्याने तिच्या ओठांवरूनच टिपले आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत बसला.

सोनगडहून निघालो. वस्ती मागे पडली आणि वाट सागाच्या झाडीत शिरली. एकामागे एक चालावे लागे इतकी अरुंद. दगा पुढे, मी मध्ये, मागे सरलाबाई भाकरीचे फडके डोक्यावर घेऊन. वाटेवर सागाची मोठमोठी वाळकी पाने पडलेली. पाय पडला की पापड मोडावा तसा आवाज होई. तिघांच्या सहा पायांनी एवढा गोंगाट चालवला होता की कवडे बिचारे उडून जात. आणि दगा पुढून, न वळता, मोठ्याने म्हणाला, "काय शांतता आहे, बाई! आपली पावलंसुद्धा वाजत नाहीत."

मी सरलाबाईकडे मागे वळून पाहिले. तिने ओठावर बोट ठेवले.

पुढे पुढे मीही बोलणे सोडून दिले. झाडांतून ऊन खाली येताना पातळ होत होते. उंच खोडांच्या मधून कुठे एखादा पळस, एकटाच, बाकी सारे राखी. किती चाललो ते कळेना. कधी वाटे की आपण जागचे हललोच नाही, झाडेच हळूहळू मागे सरकताहेत. माझे यजमान अशा ठिकाणी चष्मा पुसत उभे राहायचे. मी एकदोनदा थांबले, तेव्हा सरलाबाईही न विचारता थांबली.

मग झाडी सरली आणि एकदम पाणी. पलीकडचा काठ उन्हात धूसर झालेला. पाण्याचा आणि आभाळाचा रंग एकच, मधली रेघ पुसून टाकल्यासारखी. दूर एक होडी होती, ती पाण्यात आहे की हवेत हे सांगता येत नव्हते. आम्ही आंब्याखाली बसून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा खाल्ला. मग दगा पुढे होऊन काठावरच्या दगडावर पाण्याकडे तोंड करून बसला. टोपी मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

टोपीची कड तो बोटांनी चाचपत राहिला.

"खटखट आहे," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "ती असू द्या. तिच्या मागे काहीतरी आहे."

आम्ही वाट पाहिली.

"पिंजारी आलाय. धनुकलीची तात वाजतेय त्याची, टुंग, टुंग. आमच्या ओट्यावर बसलाय, गादीचा कापूस काढलाय सगळा. कापूस उडतोय." तो हसला. "आणि लांब, ज्वारीत, बाप माळ्यावर उभा आहे. पाखरांना हाकलतोय. हाऽ हाऽ. आता वारा आला. कणसं एकमेकांना घासताहेत."

वारा नव्हता. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. तरी खोटे कशाला बोलू, तो कापूस मला दिसत होता. सरलाबाई गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भांडणाचा मागमूस नव्हता. तिचे माहेर त्याच शिवारातले.

तेवढ्यात आमच्या मागच्या वाटेने म्हशी आल्या. वीसेक तरी असतील. गळ्यात लाकडी लोढणी आणि पितळी घंटा, पायांखाली पानांचा चुराडा. राखणारी बाई मागून ओरडत होती, "बाजू पर, ओ काका, बाजू पर!" मी उठू लागले. सरलाबाईने माझा हात धरला. म्हशी दगाच्या दोन्ही अंगांनी हातभर अंतरावरून उतरल्या. एक तर थांबून त्याच्या टोपीजवळ फुरफुरली. घंटा, हंबरणे, पाण्यात पडणाऱ्या खुरांचा धबधबा.

"किती गप्प आहे," दगा म्हणाला. "बापसुद्धा थांबला आता."

त्याने डोळे उघडले. समोरचे पाणी म्हशींनी भरले होते. काळी डोकी, ओली शिंगे, आणि सगळ्या त्याच्याकडेच बघत असल्यासारख्या.

तो हलला नाही. मग मान वळवून बायकोच्या तोंडाकडे पाहत त्याने विचारले, "ह्या कधी आल्या?"

सरलाबाई जिंकली होती. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे काहीतरी ती आता म्हणेल असे मला वाटले.

"आत्तेच," ती म्हणाली, प्रत्येक अक्षर ओठांनी नीट आकारत. "पाणीमाईन निंघन्यात."

पाण्यातूनच वर आल्या म्हणे. दगाने म्हशींकडे पाहिले. त्यांच्या पाठी कोरड्या होत्या, धुळीने पांढऱ्या. मग त्याने मागच्या वाटेवरचे ताजे शेण पाहिले. आणि त्याला हसू आले, आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सरलाबाईही हसू लागली. म्हसराखणीला काही कळेना. तिने काठी टेकून आम्हा तिघांना एकदा नीट न्याहाळले आणि ती सावलीत जाऊन बसली.

"पिंजारी पण नव्हता?" त्याने मला विचारले.

"तो होता," मी म्हणाले.

उन्हे कलल्यावर परत निघालो. आता पुढे सरलाबाई आणि तिच्यामागे दगा. काही सांगायचे झाले की ती थांबे, पूर्ण वळे, त्याच्याकडे तोंड करून बोले आणि मग पुढे चाले. त्यामुळे आम्ही फार हळू गेलो. सागाच्या झाडीत अंधार भरू लागला तशी ती अधिक वेळा वळू लागली, कारण अंधारात ओठ दिसत नाहीत. एकदा तो स्वतःच थांबला.

"उद्या सचिनले जाईसन 'नही' सांगी येसू," तो म्हणाला. "आणि खात्यात आता दिवसपाळीच मागसू."

तिने त्याची टोपी सरळ केली.

घरी आल्यावर झोपण्यापूर्वी मी रोजनिशीत आणखी एक ओळ घातली. आजपासून दगा एकटा घरात असला की मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावायची नाही, वाजवून उपयोग होत नाही. येणाऱ्याने सरळ आत जावे.