डब्यातले थर्मोस्टॅट

“बंद कर! आरं, इंजिन बंद कर की!”

मागच्या सीटवरून तात्या ओरडत होते. बॉनेटच्या फटींतून वाफ अशी उसळली की वळसंगच्या माळावरच्या शेळ्या पार सांगोल्यापर्यंत पळाल्या असतील. दत्ताने जीप बाभळीखाली घेतली. टेम्परेचरचा काटा लाल रेघ ओलांडून गेला होता. आणखी थोडा मोकळा सोडला असता तर आमच्या आधी दुधनीला पोचला असता.

दुधनीला तात्यांची थोरली बहीण. अक्का. अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी दिसत नाही. तात्यांनी उमेदीत पाण्याचा टँकर चालवला, पण पंचमी आली की टँकर सोडून ते मुराळी व्हायचे. सांगोल्याहून ह्याच जीपने जायचे आणि अक्काला माहेरी आणायचे. वेशीपासूनच हॉर्न सुरू. पुढे दोघंही थकली आणि जीप डाळिंबाच्या बागेशेजारी शेडमध्ये पडली. कोंबड्यांनी तीत तीन पिढ्या काढल्या.

दत्ता त्यांचा मुलगा, सोलापुरात नोकरीला. त्याने ती माझ्या गॅरेजला ओढून आणली. हौसेपोटी अशी हाडं गोळा करून उभी केलेली गाडी म्हणजे प्रोजेक्ट कार. सांगाडा जुना, इंजिन दुसऱ्याच गाडीचं, डिझेल. हॉर्न मात्र तात्यांनी बदलू दिला नाही. अक्काला फोनवर शब्द दिला होता: जीपनं येतो, हॉर्न वाजला की वळख.

जीप बाभळीखाली थांबली तो सोमवार होता.

“मिस्त्री, मी भाड्याची गाडी सांगतो,” दत्ता म्हणाला. “आत्याचं काही खरं नाही.”

“कशाला? बुधवारी जीप देतो. नाही दिली तर मिशी काढून ह्या रेडिएटरवर चिकटवतो.”

तात्यांनी माझ्या मिशीकडे पाहिलं. “मिशी ऱ्हाऊ दे तुजी. गाडी दे.”

दत्ताने फोन खिशात ठेवला. जीप आम्ही टोचन करून माघारी आणली.

गाडी तापली की पहिला संशय कूलंटवर. कूलंट म्हणजे इंजिनची उष्णता उचलून रेडिएटरच्या जाळीत नेणारं पाणी. जाळीत वारा लागतो, पाणी गार होतं, पुन्हा इंजिनात जातं. हे फिरणं कुठेतरी अडलं की गाडी उकळते. मंगळवारी रेडिएटर उतरवला. आतून बोअरच्या पाण्याचा एवढा क्षार निघाला की अख्ख्या गल्लीचे पापड खारवले असते. धुतला, बसवला, ट्रायल घेतली. काटा पुन्हा वर.

बुधवारी वॉटर पंप खोलला. पाती शाबूत. हेड गॅस्केट तपासलं. हे इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग. ते गेलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. एक बुडबुडा नाही. गुरुवारी फॅन बेल्ट बदलला, रेडिएटरचं झाकण नवं टाकलं. काटा काही ऐकेना. मिशी जागेवरच होती. तो विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

शुक्रवारी सकाळी तात्या स्वतः आले. इंजिन चालू होतं, काटा चढत होता. ते पुढे झाले आणि रेडिएटरच्या खालच्या अंगाला त्यांनी सरळ तळहात लावला.

“तात्या, भाजेल!”

“काय भाजतंय? हे तर गार हाय. इंजिन पेटलंय आन जाळी गार कशी?”

गॅरेजातले सगळे पाने माझ्याकडे बघून हसले असावेत. मी बायपासच्या, म्हणजे पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात नेणाऱ्या आखूड पाइपाला बोट लावलं. चटका बसला. तो पाइप पकडीत दाबून धरला. पाच मिनिटांत काटा खाली आला.

आमच्या गॅरेजांची एक रीत आहे. गाडी आली की तिचा थर्मोस्टॅट काढून टाकायचा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा दरवाजा. सोलापूरच्या उन्हात तो हवाय कुणाला? जुन्या इंजिनांना हे चालून जायचं. मी काढलेले सगळे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. “हजारभर आहेत,” असं गिऱ्हाइकाला सांगायचो. पण ह्या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला दोन कामं होती. इंजिन तापलं की तो रेडिएटरची वाट उघडायचा आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करायचा. तोच नाही म्हटल्यावर पाणी जवळची वाट धरून इंजिनातून इंजिनातच फिरत होतं.

तात्यांना हे समजावलं. ते दुष्काळी मुलखातले; लगेच कळलं. “म्हंजे हिरीतलं पानी काडून हिरीतच वतत हुता की. काडला कुनी ह्यो?”

“असेल कुणी जुना मिस्त्री,” मी म्हणालो.

डब्यातून तो थर्मोस्टॅट शोधला. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला. उघडला, गार होताना मिटला. बसवला. दुपारी तात्या आणि दत्ताला घेऊन ट्रायलला निघालो. भर उन्हात काटा मधोमध, खिळा ठोकल्यासारखा.

तेवढ्यात दत्ताचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी कानडी-मराठीत रडत होतं. अक्का गेली होती.

जीप मी चालवत होतो. मी मागे वळून पाहिलं नाही.

“चल,” तात्या म्हणाले. “मातीला तरी गाठ.”

अक्कलकोट गेलं. दुधनीची वेस आली. तात्यांनी मागून हात लांबवून हॉर्न दाबला. एकदाच. दारातल्या बायांनी माना वळवल्या. कुणीतरी वाट करून दिली.

परतताना अक्कलकोटजवळ थांबलो. दत्ता पाणी आणायला गेला. तात्या बॉनेटला टेकून उभे होते. आयुष्यभर मी थापांचं इंजिन चालवलं, पण तिथे ते बंद पडलं.

“तात्या, तो थर्मोस्टॅट मीच काढला होता. माझ्याच हाताने. आणि भाड्याची गाडीही मीच नको म्हणालो.”

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“डब्यात आजून किती हायत?”

“चाळीसेक.”

“मग त्या गाड्या हुडीक.”