आईच्या नावाने सोडलेलं दूध

सुरतेत पहिल्या महिन्यात मी काय काय खाल्लं ते मला आजही ओळीने सांगता येईल. केळी, भाजलेले शेंगदाणे, कच्च्या पपईच्या संभाऱ्यासोबत गाठिये, आणि रविवारी गोडादऱ्याच्या नाक्यावरची सेव-खमणी. खमणीत दही नाही ना, हे मी गाडीवाल्याला तीनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "भाई, खावुं छे के परीक्षा लेवी छे?"

मी दूध घेत नव्हतो. दही, ताक, तूप, मावा, काहीच नाही. आता याला नाव आहे. माझी भाची गेल्या वर्षी परदेशी शिकायला गेली. ती स्वतःला व्हीगन म्हणवते. जाण्याआधी फोन करून विचारत होती, मामा, परक्या देशात कमी पैशात हे कसं जमवायचं? मला हसू आलं. मी कधी पासपोर्ट हातात धरलेला नाही. पण नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा खानदेशातल्या आमच्या गावाहून सुरतेला आलो, तो माझ्यासाठी परदेशच होता. पाट्या वाचता येत नव्हत्या, आणि बोलायला गेलो की अर्धं वाक्य हातवाऱ्यांनी पुरं करावं लागायचं. भाचीला मी शेंगदाणे आणि केळी सांगितली. खरी गोष्ट फोनवर सांगता येण्यासारखी नव्हती.

आमच्या घरी एक गाय होती. तिचं वासरू आठ दिवसांचं असतानाच मेलं. वासरू पुढ्यात नसलं की गाय पान्हा सोडत नाही, म्हणून त्याच्याच कातड्यात भुसा भरून आम्ही ते तिच्यासमोर धरायचो. आमच्याकडे तेव्हा सगळे तसंच करत, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. गाय ते चाटायची आणि आई धार काढायची. धरून उभं राहायचं काम माझं. आठवीतून शाळा सुटली होती, सकाळी मी घरीच असायचो. एके दिवशी चाटता चाटता शिवण उसवली आणि भुसा बाहेर आला. गाय तो भुसा खायला लागली.

त्यानंतर मला दूध घशाखाली उतरेना. आईने दोन-चार दिवस रागावून पाहिलं, मग म्हणाली, "नको तर नको. भाकरी तर खातोस ना?" घरात हा विषय एवढ्यावरच संपला. तसंही आमच्या ताटात दूध-तूप असायचं किती? कळण्याची भाकरी, ठेचा, दाण्याच्या कुटाची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार. कोणाच्या लक्षातही येत नसे.

सुरतेत मात्र लगेच लक्षात यायचं. मी एका लूमच्या कारखान्यात दिवसपाळीला लागलो होतो. दर दोन तासांनी चहा यायचा, आणि चहा नको म्हणणाऱ्याकडे सगळे वळून बघायचे. मी आधीच घाबरट. शाळा अर्धी सोडलेली, हातात कसलं प्रमाणपत्र नाही, कोणी नुसतं रोखून पाहिलं तरी वाटायचं की हा आता आपल्याला परत पाठवणार. म्हणून मी कप घ्यायचो, आणि कोणाचं लक्ष नसताना मागच्या मोरीत ओतायचो.

दुसऱ्या महिन्यापासून जेवायला मी गोडादऱ्यातल्याच एका मावशीच्या खानावळीत जायचो. ती अमळनेरकडची. नवरा गेल्यावर दोन खोल्यांत वीसेक माणसांचा स्वयंपाक एकटीने करायची. गिऱ्हाईक गुजराती खानावळींकडे जाऊ नये म्हणून ती प्रत्येक पोळीवर तुपाचं बोट फिरवायची, आणि त्याचा तिला अभिमान होता. मी शेवटच्या जागेवर बसून पोळी पुसायचो. कढी नको म्हणायचो. विचारलं की पोट बिघडलंय, हे ठरलेलं उत्तर.

"तुझं पोट आहे का एस.टी.?" मावशी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली. "रोज कशी बिघडते?"

वीस माणसं हसली. मीही हसलो, आणि त्या दिवशी कढी घेतली. घेतली म्हणजे वाटी तशीच ठेवून उठलो.

असे काही महिने गेले. मग घारीचा दिवस आला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत घरोघर घारी खातात. आत माव्याचं सारण आणि वरून गोठलेल्या तुपाचा जाड थर. आमचे शेठ त्या दिवशी कारखान्यात फिरून स्वतःच्या हाताने एकेकाला घारी द्यायचे, आणि तो पहिला घास घेईपर्यंत समोर उभे राहायचे. माझ्याही हातावर एक ठेवली. तूप मनगटापर्यंत आलं.

"खा ने," शेठ म्हणाले.

"नथी खातो."

"केम? बाधा छे?"

गुजरातेत लोक एखाद्याचं दुखणं बरं व्हावं म्हणून आवडता पदार्थ सोडतात, त्याला बाधा ठेवणं म्हणतात. कामगारांपासून शेठांपर्यंत कोणाची ना कोणाची बाधा चालू असायची, त्यामुळे शेठांनी विचारलं त्यात नवल नव्हतं. मला वासराचं सांगायचं होतं. पण कातडं, भुसा, पान्हा, शिवण यातला एकही शब्द मला गुजरातीत येत नव्हता. हो म्हणता येत होतं. मी हो म्हणालो.

"कोना माटे?"

"बा माटे."

"मांदी छे?"

आई आजारी आहे का, असं ते विचारत होते. मी मान हलवली. शेठांनी माझ्या हातावरची घारी उचलून शेजाऱ्याला दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून चहावाला मला न विचारता कोरा चहा देऊ लागला. त्या सुटकेचं काय वर्णन करू. इतके महिने चोरून मोरीत ओतत होतो, आणि एका शब्दात सगळं सरळ झालं होतं.

शेजारच्या लूमवर आमच्याकडचाच एकजण होता, तोही मावशीकडे जेवायचा. संध्याकाळी मी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. मावशी तवा तसाच ठेवून बाहेर आली.

"हाई आधी सांगाले काय व्हयनं व्हतं तुले?" ती म्हणाली. आधी सांगायला काय झालं होतं, असं. आमचं पुढचं सगळं बोलणं असंच अहिराणीत व्हायचं, इथे मी ते सोपं करून लिहितो.

"काय होतंय आईला?"

"दम लागतो," मी म्हणालो. तोंडात पहिलं आलं ते.

मावशीने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि म्हणाली, "आजपासून मीपण दुधाचा चहा सोडला. तुझी माय ठणठणीत होईपर्यंत."

"मावशी, तू कशाला?"

"तू एकटा पुरा पडशील का? दोघांनी सोडलं तर देवालाही ऐकावं लागतं."

मावशीचा चहा म्हणजे काय होता हे तिथे जेवणाऱ्या कोणालाही विचारा. आलं, गवती चहा, दाट दूध, दिवसातून चार वेळा, आणि तो पिताना कोणी भाकरी मागायची नाही. तो तिने सोडला, जिला तिने पाहिलंही नव्हतं अशा बाईसाठी. कोऱ्या चहाचा घोट घेताना ती तोंड वाकडं करायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "काढा बरा याच्यापेक्षा."

माझ्या जेवणाची मात्र चैन सुरू झाली. माझ्या पोळ्या ती आधी करायची, तुपाचा हात लागायच्या आत. कढीच्या जागी आमसुलाचं सार. वाटल्या डाळीचे फुनके वाफवून वर तेल. थंडीत शेजारच्या गुजराती काकूंकडून ती उंधियू शिकली, सुरती पापडी आणि कंद घालून निव्वळ तेलातलं, आणि एक वाटी माझ्यासाठी झाकून ठेवायची. पैसे सगळ्यांइतकेच. त्या सहा महिन्यांत मी जितकं चांगलं खाल्लं तितकं आधी कधी खाल्लं नव्हतं. प्रत्येक घासाबरोबर वाटायचं, हिला सांगावं. आणि प्रत्येक घासाबरोबर हेही वाटायचं की सांगितलं तर ही जागा गेली, आणि दुसऱ्या खानावळीत पुन्हा पोळी पुसणं आलं.

त्याहून मोठी एक भीती होती, ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. आपण म्हटलं म्हणून आईला खरंच दम लागायला लागला तर? मी दर आठवड्याला पत्र टाकू लागलो. तब्येत कशी आहे, चालताना धाप लागते का, रात्री झोप येते का. आईला वाचता येत नसे, शेजारची शाळकरी मुलगी तिला ओट्यावर बसून पत्र मोठ्याने वाचून दाखवायची. उत्तर आलं ते त्या मुलीच्या अक्षरात: मला काय धाड भरली आहे? सारखं काय विचारतोस? गल्ली हसते.

होळी झाल्यावर सुरतेतल्याच डिंडोलीत आमच्या नात्यातलं लग्न निघालं आणि आई सुरतेला आली. मी तिला खानावळीपासून लांब ठेवायचा प्रयत्न केला. मावशीला वेळ नसतो, रस्ता लांब आहे, ऊन फार आहे.

"जिच्या हातचं जेवतोस त्या बाईला न भेटता जाऊ?" आई म्हणाली.

डिंडोलीहून गोडादऱ्यापर्यंत ती पायी आली, डोक्यावर कळण्याच्या पिठाचं गाठोडं घेऊन. मी घेतो म्हणालो तर दिलं नाही. रस्त्यात तिला खरं सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. ती पुढे चालत होती, मी मागे.

मावशीने दारातून तिला गाठोडं उतरवताना पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"दम नाही लागला?"

"कसला दम?" आई म्हणाली.

मावशीने दोन्ही हात जोडले. "बघा. नावसुद्धा राहिलं नाही."

मग कोणाचंच काही चाललं नाही. तिने दूध मागवलं, शेवया भाजल्या, चारोळ्या काढल्या. दुपारच्या पंगतीत माझ्यासमोर खिरीची वाटी आली, आणि चुलीवर तिचा दुधाचा चहा उकळत होता. आल्याचा वास दोन्ही खोल्यांत भरला होता.

"आधी तू तोंड लाव," मावशी म्हणाली. "मग मी."

आईने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "त्याला नको."

"आता कसं नको, ताई? फिटला नवस."

मी वाटी उचलली. दोन घोटांचं काम होतं. मावशीचा चहा तिला परत मिळाला असता, आई सुखरूप होती, आणि ते खोटं तिथेच गिळून टाकता आलं असतं. वाटी ओठांपर्यंत गेली. मी ती खाली ठेवली.

"मावशी, आई आजारी नव्हतीच."

"कधीच?"

"कधीच नाही."

पंगतीतला कोणीतरी हसला आणि मग त्यानेच खाली बघितलं. मावशी हातात पळी घेऊन उभी होती.

"मग मी सहा महिने तो काढा कोणासाठी प्याले?"

आईच बोलली, अगदी शांतपणे, जणू धान्याचा भाव सांगत होती. "मन्हासाठेच ना, बहीण. तू सोडं म्हनीसन मी धडधाकट शे." माझ्यासाठीच, तू सोडलंस म्हणूनच मी धडधाकट आहे, असं.

मावशी हसली नाही, रागावलीही नाही. तिने माझी वाटी उचलून आईच्या वाटीत रिकामी केली. "तुम्ही खा. तुमच्या नावाची आहे." आणि आत गेली. जेवणं झाल्यावर आई आत जाऊन बराच वेळ तिच्याजवळ बसली. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. वासरू एवढा एक शब्द तेवढा कानावर आला.

आई गावी गेली. त्यानंतर चार दिवस मावशीने मला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. पोळ्या कोरड्याच होत्या, सारही होतं, पण ताट समोर ठेवून ती पुढच्याकडे वळायची. मी येता-जाता दुसऱ्या खानावळींच्या दारातून आत बघायला लागलो. एका ठिकाणी तुपाचा डबा दारातच होता. वाटलं, इथवर आलो तो हिच्यामुळे, आणि हिलाच फसवलं.

रविवारी जेवण झाल्यावर तिने मला थांबवलं. पुढ्यात आंतर्देशीय पत्र आणि पेन ठेवलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"लिही. ताईंना नमस्कार. तुमच्या मुलाने मला सहा महिने कोरा चहा पाजला. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचलं.

"खोटारडा आहे, हेपण लिही."

"मावशी, ते शेजारची मुलगी ओट्यावर मोठ्याने वाचते."

"माहीत आहे. ताईंनीच सांगितलं. लिही."

मी लिहिलं.

"पण ताटात टाकत नाही. ताट स्वतः धुतो. हे लिही, नाहीतर म्हणतील बाई नुसती कागाळी करते." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि लिही, वासराचं मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी मी त्याच्या पोळीला तूप लावलं नसतं. मी काय त्याला उपाशी ठेवणार होते?"

हे लिहायला मला वेळ लागला. आठवीचं अक्षर. यातलं काही गाळलं असतं तर तिला कळणार नव्हतं. मी एकही शब्द गाळला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तिने मान डोलावली, कडा भाताच्या शितांनी चिकटवल्या आणि पत्र कनवटीला खोचलं.

"पेटीत मी टाकतो ना," मी म्हणालो.

"नको. ते मीच टाकीन," मावशी म्हणाली. "संध्याकाळी भाकरी टाकू की पोळी, ते सांग."