गारी येळेवर येते

माझी पाठवणी आमच्या हॉल्टवरून झाली. हॉल्ट म्हणजे पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या गाडीसाठी बांधलेला बुटका फलाट, एक पत्र्याची शेड आणि चहूकडे मिठागरं. कामावरच्या बायका तशाच खाऱ्या पायांनी धावत आल्या. माझी ओटी भरून होईस्तोवर गार्डने हिरवा बावटा काखेतच धरून ठेवला. गावची पोरगी सासरी निघाली की गाडी थांबायचीच, त्यासाठी कुणाला हात जोडावे लागत नसत.

सासर बडोद्याचं. सासूबाई प्रेमळ, पण त्यांचा भाऊ ट्रकखाली गेलेला, त्यामुळे उरणच्या रस्त्यावरच्या कंटेनरची त्यांना भयंकर धास्ती. बाबांनी लग्नातच त्यांना शब्द दिला होता, "रस्त्याचं नावच नको. गारी आमच्या दारान थांबते." त्या शब्दावर मला दरवर्षी माहेर मिळायचं. बडोद्यात मी डाळीत गूळ घालायला शिकले, शेजारणींना 'केम छो' म्हणायला शिकले आणि दिवाळीकडे डोळे लावून बसले. माझ्यासारख्या लांब पडलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

निघण्याआधी मी एसटीडीवरून गावातल्या दुकानात फोन करायची. आई धापा टाकत यायची.

"गाडी आहे ना गं?"

"हाय तं! येळेवर येते. तू ये."

सासूबाई शेजारीच उभ्या असायच्या. त्यांचाही जीव भांड्यात पडायचा.

एका वर्षी पनवेलला उतरले, तर फलाटावर बाबा. अंगात लग्नाकार्याचा सदरा. "गारी बंद जाली," एवढंच म्हणाले. मला टमटममध्ये बसवलं आणि वाटभर माझा हात सोडला नाही. शेजारून कंटेनर धडधडत जात होते. हॉल्टच्या शेडचा पत्रा गेला होता, फलाटावर शेळ्या बसल्या होत्या.

घरी गेल्या गेल्या मी आईवर उखडले. "फोनवर खोटं कशाला बोललीस?"

ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "गारी नाय म्हंटलं असतं, तं तुला पाठवली असती का त्यांनी?"

मग मात्र मला रडू आवरेना.

पुढे कितीतरी वर्षं ती गाडी आम्ही तिघांनी मिळून चालवली. बडोद्यात तिला कधी उशीर झाल्याचंसुद्धा कुणी ऐकलं नाही.

आता सासूबाई नाहीत. दाराशी कार आहे, मनात येईल तेव्हा निघता येतं. पण आई-बाबाही गेले. मी यावं म्हणून खोटं बोलणारं तिथे कुणी उरलं नाही.