विंगेतला आवाज

ऐंशीच्या दशकात मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावी ज्युनिअर डॉक्टर होते. माझ्या वॉर्डात एक वृद्ध नटी होत्या. त्यांना आता माणसं सहसा ओळखू येत नसत, पण एका थोर इंग्रज नाटककाराची चारशे वर्षांपूर्वीची स्वगतं मात्र तोंडपाठ होती. त्यांचे यजमान रोज दुपारी येत. बायकोच्याच नाटक कंपनीत ते जन्मभर प्रॉम्प्टर होते, विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवणारे. खुर्ची उशाशी जरा मागे ओढायची, जुनं पुस्तक मांडीवर उघडायचं आणि बाई बोलू लागल्या की ओळींवरून बोट फिरवायचं, एवढंच ते करत.

एकदा बाई मध्येच थांबल्या. ते स्वगत मी पुण्यात शाळेत घोकलेलं. मी फुशारकीने पुढचा शब्द सांगून टाकला.

यजमान चिडले. "घाई केलीत, डॉक्टर. ती विसरली नव्हती, थांबली होती."

"तुम्हाला कसं कळतं?"

"थांबलेल्या माणसाचा श्वास चालू असतो. विसरलेल्याचा अडकतो."

पुढच्या आठवड्यात बाईंनी यजमानांकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, हे माझे मिस्टर. यांचं नाव..."

बाईंचा श्वास अडकला. या वेळी मी गप्प राहिले.

यजमानांनी पुस्तक मिटलं, पुढे वाकले आणि स्वतःचं नाव बायकोला पुरवलं. विंगेतून नटापुरतं पुरवतात, तसं. मी पलंगाला टेकून उभी होते, तरी मला ते ऐकू आलं नाही.